झोपूनही न जाणारा शीण आणि रात्रभर राबणारे हृदय

थकव्याची तक्रार घेऊन माणूस डॉक्टरांकडे गेला, की आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तातील साखर आणि जीवनसत्त्वे यांच्या तपासण्या होतात. त्या व्हायलाच हव्यात, कारण थकव्याची नेहमीची कारणे पुष्कळदा तिथेच सापडतात. मात्र हे सगळे अहवाल व्यवस्थित आले, तर पुढचा प्रश्न अनेकदा विचारलाच जात नाही: झोपेत तुम्ही घोरता का, आणि घोरता घोरता आवाज मध्येच बंद पडतो का? मला हा प्रश्न विचारला गेला तेव्हा त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, माझ्या पत्नीकडे होते. तिने सांगितले, की घोरणे चालू असेपर्यंत तिला झोप लागू शकते, पण ते एकदम थांबले की ती जागी होते आणि पुढचा श्वास येईपर्यंत माझ्याकडे पाहत राहते. ज्याचा श्वास अडकतो त्याला स्वतःला त्याची खबर नसते, आणि म्हणूनच स्लीप अ‍ॅप्निया हा आजार वर्षानुवर्षे वय, कामाचा ताण, चिडका स्वभाव अशा भलत्याच नावांनी घरात वावरत राहतो.

या आजाराविषयी मी गेली काही वर्षे सातत्याने वाचत आलो आहे, आणि त्यातून माझे एक ठाम मत झाले आहे. दिवसाचा थकवा आणि हृदयावरचा ताण हे दोन्ही रात्रीच्या एकाच घटनेतून निर्माण होतात, परंतु ते एकमेकांच्या प्रमाणात वाढत नाहीत. थकवा नाही म्हणून हृदय सुखरूप आहे असे मानणे जितके धोक्याचे, तितकेच थकवा गेला म्हणून हृदयाची काळजी मिटली असे मानणेही धोक्याचे आहे.

ती घटना नेमकी काय असते, हे आधी पाहू. जागेपणी घशाभोवतीचे स्नायू श्वासाचा मार्ग उघडा धरून ठेवतात. झोप लागली की ते सैल पडतात. ज्यांच्या मानेत चरबी साठली आहे, ज्यांचा खालचा जबडा लहान किंवा मागे गेलेला आहे, ज्यांचे टॉन्सिल मोठे आहेत किंवा घसा मुळातच अरुंद आहे, अशांची जीभ आणि मऊ टाळू मागे ढळून तो मार्ग अर्धवट किंवा पूर्णपणे बुजवतात. श्वास घेण्याची धडपड मात्र चालूच असते. शेजारी बसून पाहिले, तर छाती आणि पोट वरखाली होताना दिसतात, पण नाकाशी हात धरला तर हवा लागत नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी मिनिटभरही असे चालते. रक्तातला प्राणवायू उतरतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि अखेर मेंदू स्वतःला काही क्षणांपुरते जागे करून घशाचे स्नायू पुन्हा ताठ करतो. जोराचा घुरका येतो, कूस बदलली जाते आणि झोप पुन्हा लागते. ही जाग इतकी अल्प असते, की सकाळी तिची आठवणही राहत नाही.

श्वास निदान दहा सेकंद पूर्ण थांबला तर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. श्वासाचा प्रवाह बराच घटला आणि त्याबरोबर प्राणवायू उतरला किंवा झोप मोडली, तर त्याला हायपॉप्निया म्हणतात. तासाभरात असे प्रसंग सरासरी किती येतात, त्या आकड्याला एएचआय हे नाव आहे. मोठ्या माणसांत तो पाचपेक्षा कमी असला तर सामान्य, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तीस किंवा त्याहून अधिक असला तर तीव्र समजला जातो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगभरात ३० ते ६९ या वयोगटातील ९३ कोटींहून अधिक लोकांचा हा आकडा पाच किंवा त्यापेक्षा जास्त आहे, आणि त्यांतील सुमारे साडेबेचाळीस कोटींना मध्यम किंवा तीव्र स्वरूपाचा आजार आहे.

माझ्या झोपेची तपासणी झाली तेव्हा हा आकडा तीसच्या पुढचा निघाला. पण अहवालात माझे लक्ष त्या आकड्यापेक्षा प्राणवायूच्या आलेखाने अधिक वेधून घेतले. निरोगी माणसाची ती रेघ रात्रभर पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास जवळजवळ सपाट चालते. माझी रेघ करवतीच्या दात्यांसारखी होती. हळूहळू खाली उतरणारी आणि एकदम वर उसळणारी, पुन्हा उतरणारी आणि पुन्हा उसळणारी. डॉक्टरांनी त्याच वेळेची मेंदूच्या लहरींची पट्टी वर ठेवून दाखवली: प्रत्येक उसळीच्या जरा आधी लहरी जाग आल्यासारख्या बदलत होत्या, आणि तिसऱ्या पट्टीवर नाडीचा वेग त्याच क्षणी वाढत होता. पहाटेच्या भागात दाते अधिक खोल गेले होते. स्वप्ने पडणारी झोप पहाटे जास्त असते, त्या झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू अगदी ढिले पडलेले असतात, आणि त्यामुळे श्वास जास्त वेळ अडकतो. झोप मोडणे आणि हृदयावर ताण येणे या दोन गोष्टी एकाच क्षणी घडतात, हे मला त्या कागदावर जितके स्पष्ट दिसले, तितके आधीच्या कोणत्याही वाचनातून कळले नव्हते.

थकव्याचे गणित त्यावरून उलगडते. झोपेचे तास मोजले तर आठ भरतात, पण झोप सलग मिळालेली नसते. गाढ झोपेपर्यंत पोहोचण्यासाठी मेंदूला एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत क्रमाने जावे लागते, आणि दर दोन मिनिटांनी जाग येत असेल, तर हा क्रम पुन्हा पुन्हा विस्कटतो. शरीराची डागडुजी जिच्यात मुख्यतः होते ती गाढ झोप आणि मनाची आवराआवर जिच्यात होते ती स्वप्नांची झोप, दोन्ही तुटक मिळतात. त्याच्या जोडीला प्राणवायूची सततची चढउतार असते. सकाळी डोके जड असते, तोंडाला कोरड पडलेली असते, अंग आंबल्यासारखे वाटते, साध्या हिशेबात चुका होतात आणि बोलता बोलता नेमका शब्द आठवत नाही. सुट्टीच्या दिवशी दोन तास जास्त झोपल्यानेही हा शीण जात नाही, कारण त्या दोन तासांतही श्वास तसाच अडकत असतो. माझ्या मते या आजाराच्या थकव्याची हीच सर्वांत नेमकी खूण आहे. साध्या जागरणाचा थकवा एका चांगल्या झोपेने उतरतो. हा झोपेतच तयार होत असल्यामुळे झोपेने उतरत नाही.

येथे थकवा आणि पेंग यांत फरक करायला हवा. पेंग येणे म्हणजे बसल्या जागी डोळा लागणे. थकवा म्हणजे झोप येत नसतानाही हातून काही होऊ नये असे वाटणे. डॉक्टर पेंग मोजतात ती बहुधा एपवर्थ प्रश्नावलीने, जी मेलबर्न येथील डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ साली मांडली. वाचताना, दूरदर्शन पाहताना, प्रवासी म्हणून तासभर गाडीत बसले असताना, दुपारच्या जेवणानंतर शांत बसले असताना अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला शून्य ते तीन गुण द्यायचे असतात, आणि बेरीज दहाच्या वर गेली तर ती पेंग नेहमीपेक्षा अधिक समजतात. प्रश्नावली उपयुक्त आहे, पण ती केवळ पेंग मोजते. स्लीप अ‍ॅप्निया असलेल्या पुष्कळ लोकांना पेंग येतच नाही. ते थकवा, उत्साह नसणे, चिडचिड, विसराळूपणा अशा शब्दांत आपली अवस्था सांगतात. स्त्रियांच्या बाबतीत हे अधिक घडते. त्यांच्या तक्रारी मोठ्या घोरण्यापेक्षा झोप न लागणे, सकाळची डोकेदुखी आणि दिवसभर गळून गेल्यासारखे वाटणे अशा असतात, आणि त्यावर चिंता, नैराश्य किंवा रजोनिवृत्ती असे शिक्के चटकन बसतात. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये या आजाराचे प्रमाण प्रत्यक्षात वाढते, त्यामुळे ज्या वयात संशय घ्यायला हवा त्याच वयात तो घेतला जात नाही. ही गोष्ट मला फार खटकते.

आता हृदयाकडे वळतो. निरोगी माणसाच्या हृदयासाठी झोप हा विश्रांतीचा काळ असतो. नाडी मंदावते आणि रक्तदाब दिवसाच्या तुलनेत साधारण दहा ते वीस टक्क्यांनी खाली येतो. श्वास अडकणाऱ्या माणसाला ही विश्रांती मिळत नाही. प्राणवायू उतरला, की शरीर त्याला संकट समजते आणि अ‍ॅड्रेनलिनसारखी संप्रेरके रक्तात सोडते. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि श्वास सुटतो त्या क्षणी रक्तदाब एकदम उसळी घेतो. असे तासाला तीस वेळा झाले, तर सात तासांत दोनशेहून अधिक वेळा होते. कालांतराने ही सावध अवस्था रात्रीपुरती राहत नाही. अशा माणसांच्या मज्जातंतूंची सक्रियता दिवसा, पूर्ण जागेपणी आणि श्वास नीट चालू असतानाही वाढलेली राहते, हे थेट मोजमापांतून दिसून आले आहे. ज्याची झोपेतली बाधा रात्री घडते, त्याचा रक्तदाब दुपारी दवाखान्यात मोजतानाही चढा का निघतो, याचे एक महत्त्वाचे कारण हे आहे.

दुसरी गोष्ट यांत्रिक आहे आणि तिची चर्चा कमी होते. मार्ग बंद असताना फुप्फुसे हवा ओढण्याचा प्रयत्न करतात तेव्हा छातीच्या पोकळीतला दाब फार खाली जातो. हृदय त्याच पोकळीत असते. बाहेरचा दाब घटला, की हृदयाच्या भिंती बाहेरच्या बाजूला ताणल्या जातात, डाव्या जवनिकेला, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याला, रक्त पुढे ढकलण्यासाठी जास्त जोर लावावा लागतो, आणि वरच्या पातळ भिंतींच्या कप्प्यांना, म्हणजे अलिंदांना, प्रत्येक धडपडीबरोबर ताण बसतो. अलिंद ताणले गेले, की ते एक संप्रेरक सोडतात, जे मूत्रपिंडांना पाणी आणि मीठ बाहेर टाकायला सांगते. रात्री दोन-तीन वेळा लघवीला उठावे लागते ते अनेकांच्या बाबतीत यामुळे, आणि त्याचे खापर मात्र प्रोस्टेटवर किंवा रात्री प्यायलेल्या पाण्यावर फोडले जाते. वर्षानुवर्षे ताणले गेलेले अलिंद पुढे आपली लय सोडू लागतात. एट्रियल फिब्रिलेशन या अनियमित ठोक्यांच्या आजाराशी स्लीप अ‍ॅप्नियाचे नाते घट्ट आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, विजेचा धक्का देऊन लय पूर्ववत केलेल्या रुग्णांपैकी ज्यांच्या अ‍ॅप्नियावर योग्य उपचार झाले नव्हते, त्यांतील ८२ टक्के रुग्णांत वर्षभरात ती लय पुन्हा बिघडली. उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४२ टक्के होते. अभ्यास लहान होता, पण अशा रुग्णाच्या झोपेची चौकशी न करता नुसत्या लयीवर उपचार करत राहणे मला तरी अपुरे वाटते.

तिसरी बाब रक्तवाहिन्यांच्या अस्तराची. प्राणवायू उतरणे आणि एकदम पूर्ववत होणे, या आवर्तनामुळे पेशींमध्ये घातक रेणू तयार होतात, सूज वाढते, अस्तराची लवचीकता घटते आणि इन्सुलिनला मिळणारा प्रतिसादही बिघडतो. ही सगळी वाट रक्तवाहिन्या कठीण होण्याकडे जाते.

हे नुसते तर्क नाहीत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात सामान्य नोकरदार लोकांच्या झोपेचा दीर्घकाळ अभ्यास झाला. त्यात २००० साली असे दिसले, की ज्यांचा एएचआय पंधरा किंवा अधिक होता, त्यांना चार वर्षांनंतर उच्च रक्तदाब असण्याची शक्यता, ज्यांना असे प्रसंग अजिबात येत नव्हते त्यांच्या तुलनेत, सुमारे २.९ पट होती. वय, वजन, धूम्रपान इत्यादींचा हिशेब केल्यानंतरही हा फरक टिकला. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ च्या निवेदनात म्हटले आहे, की उच्च रक्तदाब, हृदयाची अकार्यक्षमता, हृदयधमन्यांचा विकार, एट्रियल फिब्रिलेशन आणि पक्षाघात या आजारांच्या रुग्णांत अडथळ्याच्या, म्हणजे घशातला मार्ग बुजल्याने होणाऱ्या, स्लीप अ‍ॅप्नियाचे प्रमाण ४० ते ८० टक्क्यांपर्यंत असते. सर्वांत अस्वस्थ करणारी माहिती मात्र २००५ साली पुढे आली. हृदयविकाराने होणारे आकस्मिक मृत्यू सर्वसाधारणपणे सकाळी उठल्यानंतरच्या तासांत अधिक होतात. झोपेची तपासणी झालेल्या आणि पुढे अशा रीतीने दगावलेल्या व्यक्तींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा स्लीप अ‍ॅप्निया असलेल्यांपैकी ४६ टक्के मध्यरात्र ते पहाटे सहा या वेळेत गेले होते. हा आजार नसलेल्यांत हे प्रमाण २१ टक्के होते. ज्या तासांत हृदय सर्वांत सुरक्षित असायला हवे, तेच त्यांच्यासाठी सर्वांत धोक्याचे ठरले.

माझ्या थोरल्या भावाचे उदाहरण येथे द्यावेसे वाटते, कारण ते माझ्या अगदी उलट आहे. माझा रक्तदाब ठीक होता आणि थकव्याने मी जेरीस आलो होतो. दादाला थकवा ठाऊक नव्हता, अंगकाठी सडपातळ, पण रक्तदाबाच्या तीन गोळ्या चालू असूनही वरचा आकडा खाली येत नव्हता. मूत्रल औषधासह तीन औषधे पूर्ण मात्रेत देऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर त्यामागे स्लीप अ‍ॅप्निया असण्याची शक्यता खूप मोठी असते. त्याच्या हृदयरोगतज्ज्ञांनी चोवीस तास रक्तदाब नोंदवणारे यंत्र दंडाला बांधले, आणि रात्रीचा रक्तदाब दिवसापेक्षा जराही उतरत नसल्याचे त्यात दिसले. त्यांनी झोपेची तपासणी सुचवली तेव्हा दादा मला म्हणाला, “अरे, मी पडल्या पडल्या झोपतो आणि पहाटे उठून फिरून येतो. मला झोपेचा आजार कसा असेल?” वहिनी शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, “तुम्ही झोपलेले असता, म्हणून तुम्हाला माहीत नाही.” तपासणीत मध्यम स्वरूपाचा अ‍ॅप्निया निघाला आणि उपचार सुरू झाले. आज तो रात्री लघवीसाठी क्वचितच उठतो आणि रक्तदाब काहीसा उतरला आहे. गोळ्या मात्र तीनच आहेत, आणि त्या त्याने सोडू नयेत असेच त्याच्या डॉक्टरांचे आणि माझेही सांगणे आहे.

हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण उपचारांविषयी लिहिताना अतिशयोक्ती फार होते. श्वासमार्गात हवेचा सौम्य दाब कायम ठेवून तो उघडा राखणारे सीपॅप यंत्र ऑस्ट्रेलियातील कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली जगापुढे मांडले. त्याआधी तीव्र आजारात गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवणे हाच खात्रीचा इलाज होता, त्यामुळे सीपॅपचे महत्त्व शब्दांत मावणारे नाही. ते लावलेल्या रात्री श्वास अडकण्याचे प्रसंग जवळजवळ थांबतात, आणि पेंग, झोपेचा दर्जा, मनःस्थिती व एकंदर जगणे यांत सुधारणा होते, याचा पुरावा भक्कम आहे. रक्तदाब सरासरी दोन ते तीन अंकांनी उतरतो. ज्यांचा रक्तदाब औषधांना दाद देत नाही, अशांत उतार काहीसा अधिक दिसतो.

हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात टाळण्याच्या बाबतीत मात्र चित्र इतके सरळ नाही. सेव्ह या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत आधीच हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या सुमारे २७०० रुग्णांना दोन गटांत विभागले होते. सरासरी पावणेचार वर्षांच्या अवधीत सीपॅपच्या गटातही नवे झटके, पक्षाघात आणि मृत्यू दुसऱ्या गटाइतकेच झाले. या निष्कर्षाने अनेकांना धक्का बसला, आणि काहींनी यंत्राचा हृदयाला उपयोगच नाही असा अर्थ लावला. मला तो अर्थ घाईचा वाटतो. त्या चाचणीतील रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच वापरले होते, म्हणजे निम्म्याहून अधिक झोप आणि पहाटेचा तो खोल दात्यांचा भाग बहुधा उपचाराविनाच गेला. शिवाय ज्यांना फार पेंग येत होती किंवा प्राणवायू फारच खाली जात होता, अशांना चाचणीत घेतलेच नव्हते. २०२३ साली अशा तीन चाचण्यांतील चार हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा रात्री चार तास किंवा अधिक यंत्र वापरणाऱ्यांत पुढील हृदयविकार व पक्षाघात यांचे प्रमाण कमी आढळले. येथेही सावध राहायला हवे. जो माणूस यंत्र नेमाने लावतो, तो गोळ्याही नेमाने घेतो आणि चालायलाही जातो, त्यामुळे सगळे श्रेय यंत्राला देता येत नाही. मी स्वतः यावरून एवढेच ठरवले आहे, की यंत्र झोपल्यापासून उठेपर्यंत लावायचे, आणि रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर यांच्याकडे यंत्र नसते तर जितके लक्ष दिले असते, तितकेच देत राहायचे.

यंत्र नेमाने लावणे बोलण्याइतके सोपे नाही. सुरुवातीला मास्क चेहऱ्यावर ओझ्यासारखा वाटतो, नाक कोरडे पडते, कडेने हवा निसटून डोळ्यांवर येते आणि माणूस रात्रीतून कधीतरी तो काढून टाकतो. यातील बहुतेक अडचणींवर उपाय आहेत. नाकावर बसणारा किंवा नाकपुड्यांपाशीच टेकणारा असे मास्कचे वेगवेगळे प्रकार मिळतात, हवेला ओलावा देण्याची सोय असते, आणि दिवसा वाचताना किंवा गाणी ऐकताना थोडा वेळ मास्क लावून बसल्याने चेहऱ्याला त्याची सवय होते. मास्क पडताळून घेण्यासाठी पुन्हा पुन्हा विचारणा करण्यात संकोच करू नये. माझ्या पाहण्यात ज्यांनी यंत्र कपाटात ठेवून दिले, त्यांतल्या बहुतेकांचा मास्कच चुकीच्या मापाचा होता.

इतर उपाय प्रत्येकाच्या कारणानुसार ठरतात. वजन जास्त असेल तर ते घटवल्याने आजार मुळातूनच हलका होतो. विस्कॉन्सिनच्याच अभ्यासात दहा टक्के वजन घटले, तर एएचआय सुमारे २६ टक्क्यांनी घटेल असा अंदाज निघाला होता. टिर्झेपटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनला लठ्ठपणासह मध्यम किंवा तीव्र आजार असलेल्या प्रौढांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे दातांचे साधन, उताणे न झोपता कुशीवर झोपण्याची सवय, जिभेच्या मज्जातंतूला चेतना देणारे उपकरण आणि निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया, हेही मार्ग आहेत. मद्य आणि झोपेच्या गोळ्यांबाबत मात्र मी आग्रहाने लिहितो. थकलेला माणूस चांगली झोप लागावी म्हणून त्यांचा आधार घेतो, आणि मद्याने, तसेच अशा अनेक गोळ्यांनी, घशाचे स्नायू अधिक ढिले पडतात व जाग यायला उशीर होतो, म्हणजे प्राणवायू आणखी खाली जातो.

थकव्याच्या बाजूनेही थोडा धीर धरावा लागतो. काहींना पहिल्याच आठवड्यात फरक जाणवतो, काहींना काही महिने लागतात, आणि थोड्या लोकांत श्वास पूर्ण सुधारल्यानंतरही पेंग शिल्लक राहते, ज्यासाठी वेगळी औषधे आहेत. थकवा टिकून राहिला तर रक्तक्षय, थायरॉइड, नैराश्य किंवा चालू असलेली औषधे यांचा पुन्हा विचार व्हायला हवा. हृदयासाठी दिली जाणारी बीटा ब्लॉकर गटातील औषधेही काहींना थकवा आणतात, परंतु ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवणे जिवावर बेतू शकते. आणि जोपर्यंत पेंग येते आहे, तोपर्यंत गाडी चालवू नये. डोळा लागण्याआधी आपल्याला कळेल, असे प्रत्येकाला वाटते. तसे कळत नाही.

तपासणी कोणी करून घ्यावी, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे: जो मोठ्याने घोरतो आणि ज्याचा श्वास थांबताना घरच्यांनी पाहिला आहे, त्याने, ज्याचा रक्तदाब औषधांना दाद देत नाही किंवा रात्री उतरत नाही, त्याने, ज्याला एट्रियल फिब्रिलेशन आहे किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, त्याने, आणि ज्याच्या थकव्याचे कारण इतर तपासण्यांत सापडलेले नाही, त्याने. यांतल्या एकाही अटीत ‘लठ्ठ असणे’ मी घातलेले नाही. घरच्या घरी छोट्या उपकरणाने होणारी तपासणी पुष्कळांना पुरते, पण तिचा निकाल सामान्य आला आणि संशय कायम असला, तर प्रयोगशाळेत रात्रभर झोपून करायची पूर्ण तपासणी टाळू नये, कारण घरची उपकरणे बहुधा मेंदूच्या लहरी नोंदवत नाहीत आणि त्यामुळे आजाराची तीव्रता कमी दिसू शकते.

ज्यांचे हृदय आधीच अशक्त आहे, त्यांच्यासाठी पूर्ण तपासणीचे आणखी एक कारण आहे. त्यांच्यात अडथळ्याऐवजी दुसऱ्याच प्रकारचा, म्हणजे मेंदूकडून श्वासाची आज्ञाच काही काळ न येण्याचा मध्यवर्ती अ‍ॅप्निया आढळतो. अशा वेळी छातीची धडपडही थांबलेली असते. श्वास ओळखून दाब आपोआप कमीजास्त करणारे एएसव्ही नावाचे यंत्र यावर उत्तम ठरेल असे वाटले होते, पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या सर्व्ह-एचएफ चाचणीत, ज्या रुग्णांच्या हृदयाची पंपिंग क्षमता ४५ टक्के किंवा त्याहून कमी होती आणि ज्यांचा अ‍ॅप्निया मुख्यतः मध्यवर्ती होता, त्यांच्यात हे यंत्र वापरणाऱ्यांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढलेले आढळले. श्वासाचा आलेख सुधारला होता, आणि तरीही असे घडले. म्हणून कोणाचे वापरलेले यंत्र आणून स्वतःच दाब ठरवणे, किंवा निदानाआधीच यंत्र विकत घेणे, हे हृदयाचा आजार असलेल्या माणसाने कदापि करू नये. आधी इकोकार्डिओग्राम पाहिलेल्या हृदयरोगतज्ज्ञांनी आणि झोपेचा अहवाल वाचलेल्या डॉक्टरांनी आपसांत बोलून यंत्राचा प्रकार ठरवावा, आणि ते बोलले आहेत ना, हे रुग्णाने स्वतः विचारून घ्यावे.